हरालाम्पीचा शेवटचा नाका

लुंकेनीत माणूस मेला की त्याला टेकडीवर न्यायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आता ती टेकडीच परदेशात गेली, यात मेलेल्यांचा काय दोष? सोव्हिएत राज्य होतं तेव्हा ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे गावाच्या कबरी आणि मध्ये झिनोव्हियाची बदकं, एवढाच मामला होता. मग ते राज्य मोडलं, कुठल्याशा कचेरीत कुणीतरी ओढ्यावरून पेन्सिल फिरवली, आणि एका सकाळी गाव मोल्दोव्हात उठलं तर गावाचे आजे-पणजे युक्रेनमध्ये पडलेले. मेलेल्यांना कुणी विचारलं नाही. जिवंतांना तरी कुठे विचारलं होतं म्हणा.

तरी पंधराएक वर्षं काही अडलं नाही. प्रेतयात्रा निघाली की अलीकडचा शिपाई ढगांकडे बघत बसायचा, पलीकडचा सिगारेट पेटवून पाठ फिरवायचा, दोघांना वाइनचा एकेक कॅन पोचायचा आणि मेलेला सुखानं टेकडीवर जायचा. फुकट काहीच नव्हतं, हेही खरं. गाय पलीकडच्या डॉक्टरला दाखवायची तर एक बदक, बहिणीच्या लग्नाला जायचं तर डुकराची अख्खी मांडी. त्या शिपायांनी गावाला सोलून खाल्लं होतं.

म्हणून मिशन आलं तेव्हा अर्ध्या गावाला बरंच वाटलं. युरोपातले लोक, पांढऱ्या जीपा, निळी जाकिटं, कमरेला हत्यार नाही. सरहद्द कशी सांभाळायची ते आमच्या शिपायांना शिकवायला आलेले. हुकूम ते कुणालाच देत नसत, फक्त सल्ला देत. त्यांच्या सल्ल्यानं ओढ्याच्या काठानं माणूसभर खोल खंदक झाला, त्याच्या अलीकडे नांगरलेला मोकळा पट्टा आला, म्हणजे कुणी चाललं तर पावलं उमटावीत. खांबावर मान फिरवणारा कॅमेरा आला. खंदकात काहीही पडलेलं दिसलं तर ड्युटीवरच्या शिपायानं खाली उतरून ते उघडून बघायचं, असा नियम आला. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, कुणाकडून काही घ्यायचं नाही, सफरचंदसुद्धा नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं काय जातं? शेळ्या आम्ही होतो.

या सगळ्याचा सर्वांत जास्त आनंद झाला तो हरालाम्पीला. त्याचा मुलगा निकीता सरहद्दीवर हवालदार. आधी तोही घ्यायचा. सिगारेटची खोकी घरी यायची आणि तुदोरा, त्याची आई, ती मुकाट्यानं माळ्यावर सरकवायची. मग मिशननं त्याला राजधानीत शिकायला धाडलं आणि तो काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र आणि ताठ मान घेऊन परत आला. त्या दिवसापासून घेणं बंद. हरालाम्पीनं उभा जन्म ट्रॅक्टर चालवून कान घालवले होते, आणि बहिऱ्याला वाटतं जगच बहिरं आहे. दुकानात, बसथांब्यावर, चर्चच्या पायरीवर तो ओरडून सांगायचा, "आमचा निकीता कुणाकडून काही घेत नाही! सफरचंदसुद्धा नाही!" लोक हसायचे. तुदोरा त्याच्या बाहीला धरून त्याला गप्प करायची, पण आतून तिलाही बरं वाटायचं.

त्या ऑक्टोबरात द्राक्षं पिळता पिळता हरालाम्पी यंत्राच्या दांड्यावर ओणवा झाला तो उठलाच नाही. खंदक झाल्यापासून गावात गेलेला पहिला माणूस तो.

त्याचं मागणं एकच होतं आणि ते त्यानं इतक्या वेळा, इतक्या मोठ्यानं सांगितलं होतं की झिनोव्हियाच्या बदकांनाही पाठ झालं असेल. मला साफ्ताशेजारी ठेवा. साफ्ता म्हणजे त्यांची थोरली, निकीताच्याही आधीची, सहा वर्षांची असताना तापानं गेली. टेकडीवर तिच्या शेजारी दोघांपुरती जागा त्यानं लोखंडी कठडा घालून राखली होती आणि दर वर्षी त्या कठड्याला निळा रंग द्यायचा. पोरीला अंधाराची भीती वाटते, असं म्हणायचा. त्याचे डोळे मिटताना तुदोरानं त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि शब्द दिला, नेते तुला पोरीकडे.

निकीता रजा टाकून घरी आला, बापाशेजारी बसून ढसाढसा रडला, आणि मग डोळे पुसून त्यानं आईला कायदा सांगितला. ओढ्यावरून जाता येणार नाही. मोठ्या रस्त्यावरच्या चौकीतून नेता येईल, पण त्याला मृत्यूचा दाखला, आरोग्य खात्याचा शिक्का, जस्ताच्या पत्र्याची पेटी आणि पलीकडच्यांची परवानगी लागेल. आठ-दहा दिवस जातील. नाहीतर सरपंचांनी जुन्या तबेल्यामागे नवी जागा आखून ठेवली आहे, तिथे अजून कुणी नाही.

"तुझा बाप म्हणजे बरणीतली काकडी नव्हे दहा दिवस ठेवायला," तुदोरा म्हणाली. "आणि तबेल्यामागे आपण कुत्री पुरतो."

"आई, माझ्या हातात नाही गं."

"मग कुणाच्या हातात आहे ते सांग. त्याच्याकडे जाते."

तेच तर कुणाला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी हास्लिंगर भेटायला आला. हा मिशनचा आमच्या भागातला सल्लागार, ऑस्ट्रियाचा, जन्मभर जकातीच्या नोकरीत घालवलेला, उंच, पांढऱ्या मिश्यांचा. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोला. दारात बूट पुसून आत आला, पेटीपुढे टोपी काढून उभा राहिला आणि दुभाष्या बाईकडून म्हणाला की त्याला फार दुःख झालं आहे, मोठ्या चौकीवर तो स्वतः फोन करील, काही दिवस वाचतील. तुदोरानं त्याला बस म्हटलं नाही. आमच्याकडे मयताच्या घरी आलेल्याला न बसवणं म्हणजे तोंडावर दार लावण्यासारखंच. तिनं एवढंच विचारलं की वाट कुणी बंद केली. हास्लिंगर म्हणाला, मी फक्त सल्ला देतो, हुकूम कॅप्टनचा असतो. चौकीचा कॅप्टन, निकीताचा वरिष्ठ, त्याच्या मागेच उभा होता. तो म्हणाला, साहेबांचा सल्ला होता, म्हणून. तुदोरानं मुलाकडे पाहिलं. निकीता खाली बघत म्हणाला, कॅप्टनचा हुकूम आहे.

"म्हणजे वाट कुणीच बंद केलेली नाही," तुदोरा म्हणाली. "मग ती उघडी आहे. आम्ही उद्या येतो."

तिसऱ्या दिवशी पेटी घराबाहेर पडली तशी बायकांनी ती ज्या बाकांवर ठेवली होती ते बाक उलटे करून टाकले. आमच्याकडे हे करतातच. बाक उलटे असले की मरणाला परत येऊन टेकायला जागा राहत नाही. आणि एकदा फाटकाबाहेर पडलेली पेटी मागे फिरवायची नाही, आभाळ कोसळलं तरी नाही. मागे फिरलेला मुडदा रिकाम्या हातानं येत नाही, घरातलं आणखी एक माणूस घेऊन जातो. शहरातल्यांना याचं हसू येतं. हसोत बापडे.

दुसरी रीत पुलांची. माणूस मेला की त्याच्या जिवाला आभाळात चोवीस जकातनाके लागतात. प्रत्येक नाक्यावर झडती. खोटं बोललास का, चोरलंस का, दारातल्याला उपाशी धाडलंस का. तिथून सुटायचं तर इथे खाली, वाटेतल्या प्रत्येक वळणावर आणि पाण्यावर, घरी विणलेलं कापड पसरायचं. तो पूल. तिथे समोर जो असेल त्याला त्या कापडासकट पिठाची वेणी घालून भाजलेला पाव आणि पेटती मेणबत्ती द्यायची. घेणाऱ्यानं म्हणायचं, देव त्याला माफ करो. तेवढं म्हटलं की वरचा एक नाका उघडला. आणि दिलेलं नाकारायचं नाही, कारण नाकारलं तर मेलेला त्या नाक्यावर अडकून पडतो. आमचा पोर्फिरीच घ्या, गावात याचं ज्याच्याशी भांडण झालं नाही असा माणूस दाखवा, पण मेलेल्याच्या नावाचं दान त्यानंही कधी परतवलं नव्हतं.

पुढे हाच पोर्फिरी आणि त्याचे भाऊ खांद्यावर फावडी आणि काखेत फळ्या घेऊन चालले होते. फावडी कारण कबर खणायला आधी टेकडीवर जाताच आलं नव्हतं, आणि फळ्या खंदकावर टाकायला. मग पाद्री इलारियोन. तो बिचारा भ्यायला होता आणि मंत्र म्हणता म्हणता मध्येच तुदोराला सुचवत होता की खंदकापर्यंत जाऊ, तिथे प्रार्थना करू आणि मग बघू. मग पेटी, मग तुदोरा, मग सगळं गाव. वळणावळणावर पूल पसरले गेले. एक दूधवाल्यानं घेतला, एक शाळेच्या शिपाईणीनं, एक वाटेत भेटलेल्या परगावच्या सायकलवाल्यानं. सगळ्यांनी देव त्याला माफ करो म्हटलं. हरालाम्पीचं सगळं सुरळीत चाललं होतं.

नांगरलेला पट्टा सुरू होतो तिथे वाटेवर चौघे होते. कॅप्टन जीपमध्ये. हास्लिंगर जीपला टेकून, टोपी हातात, शेजारी दुभाष्या बाई. आणि वाट अडवून मधोमध, गणवेशात, निकीता.

पहाटेच तो घरातून कुठेसा निघून गेला होता. त्याला तिथे पाहून तुदोराच्या जिवात जीव आला. रजा असून पोरगा ड्युटीवर उभा राहिला तो याचसाठी, असं तिला वाटलं. परका असता तर अडला असता, आपला आहे, बाजूला होईल. निकीताच्या मनात नेमकं उलटं होतं, ते तिला फार उशिरा कळलं. परक्या शिपायानं अडवलं तर पोर्फिरी डोकं फोडील, आपल्याला पाहून आई मागे फिरेल, असं समजून त्यानं कॅप्टनकडून ती ड्युटी मागून घेतली होती. एका घरात बत्तीस वर्षं काढलेली ही दोन माणसं, आणि दोघंही चुकली.

तुदोरानं पेटी थांबवली. सगळ्यांत चांगलं कापड तिनं या ओढ्यासाठी राखलं होतं. लग्नात माहेरून आणलेलं, काठाला लाल कोंबडे भरलेलं. ते तिनं निकीताच्या बुटांपुढे पसरलं, मेणबत्ती पेटवली आणि पावासकट त्याच्यापुढे धरली.

"घे," ती म्हणाली. "हरालाम्पीच्या जिवासाठी. तुझ्या बापासाठी."

निकीताचे हात मांड्यांना चिकटलेलेच राहिले. त्यानं हास्लिंगरकडे पाहिलं नाही, कॅप्टनकडेही नाही. त्यानं वर, खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. ते तुदोरानं पाहिलं.

"ड्युटीवर आहे, आई. घेता येत नाही."

मेण वितळून तुदोराच्या अंगठ्यावर उतरलं तरी तिनं हात मागे घेतला नाही. तिला वाटलं, पोराला समजलं नसावं, रडून रडून डोकं बधिर झालं असावं. तिनं पुन्हा समजावून सांगितलं, पैसे नाहीत रे, दारू नाही, पाव आहे, तुझ्या बाबांचा आहे. निकीता आणखी ताठ झाला आणि त्याला शिकवलेलं वाक्य त्यानं म्हटलं, की कृपया सर्वांनी मागे फिरावं. तिकडे दुभाष्या बाईनं हास्लिंगरला सांगितलं असणार की म्हातारी पाव देते आहे आणि हवालदार घेत नाही. हास्लिंगरनं पसंतीची मान हलवली. शिकवणी फुकट गेली नाही, असं वाटलं असेल त्याला.

पोर्फिरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं फावडं उगारलं आणि निकीताच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. तुदोरानं त्याला एका शब्दात थांबवलं. तिचा आवाज इतका थंड होता की फावडं आपोआप खाली आलं.

"वरचे जकातदार घेतात आणि सोडतात," ती निकीताला म्हणाली. "तुम्ही आधी घेत होतात, पण सोडत होतात. आता घेतही नाही आणि सोडतही नाही. हेच शिकायला गेला होतास होय राजधानीत?"

कॅप्टन कर्ण्यातून ओरडला, पेटी मागे न्या, नाहीतर सगळ्यांवर खटले भरीन. पाद्री मान डोलवायला लागला. शेजारची झिनोव्हिया रडत रडत पुढे आली आणि तुदोराचा दंड धरून म्हणाली की बाई, तबेल्यामागे तर तबेल्यामागे, चल, हट्ट पुरे.

तुदोरानं मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं. त्या घरात आता दोनच माणसं उरली होती, ती आणि समोर उभा असलेला हा दगड. पेटी मागे फिरली तर दोघांतलं एक जाणार. स्वतःचं तिला काही नव्हतं. हरालाम्पीनं तिला नेलं असतं तर बरंच झालं असतं. पण मुडदा कुणाला विचारून निवड करत नाही. त्या घडीला तिला मुलाचा इतका संताप आला होता की फावडं तिनंच त्याच्या डोक्यात घातलं असतं, आणि तरी पेटी मागे फिरवायला तिची छाती होईना. आईपण म्हणजे असलाच काहीतरी गाढवपणा असतो.

"इथे खणा," ती पोर्फिरीला म्हणाली.

"इथे? पट्ट्यात?"

"इथेच. याच्या पायाशी."

मिशनच्या सल्ल्यानं नांगरलेली माती लोण्यासारखी मऊ होती, फावडी भराभर चालली. कॅप्टन ओरडून ओरडून थकला. जीपमधून उतरून तो फावडी हिसकावायला आला असता, पण सगळं गाव कबरीभोवती कडं करून उभं राहिलं होतं, आणि गावातल्या बायकांच्या हातात काय काय होतं ते त्यानं पाहिलं. हास्लिंगर दुभाष्या बाईला सारखं काहीतरी विचारत होता आणि तिला ते त्याच्या भाषेत सांगता येत नव्हतं. निकीतानं कुणाला अडवलं नाही आणि तो जागचा हललाही नाही. माती त्याच्या बुटांवर उडत राहिली. पहिली मूठ मुलानं टाकायची असते. ती पोर्फिरीनं टाकली. नाकारलेलं दान दुसऱ्याला देत नाहीत, म्हणून कोंबड्यांचं कापड आणि पाव तुदोरानं पेटीवरच खाली सोडलं. साफ्ताचा निळा कठडा समोर टेकडीवर दिसत होता. हरालाम्पी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर राहिला, आणि हाकेचा त्याला काय उपयोग.

जाताना तुदोरा निकीतासमोर थांबली.

"आता राख त्याला," ती म्हणाली. "तुझ्या हद्दीत आहे."

हिवाळा वैराचा गेला. कबर हलवा म्हणून कागद आले, पण हलवायला लुंकेनीत एक फावडं मिळेना. बाहेरून आणलेल्या मजुरांना पोर्फिरीनं घरी नेऊन इतकी पाजली की ते तिसऱ्या दिवशी आल्या वाटेनं परत गेले. कॅमेरा फिरता फिरता दर वेळी हरालाम्पीच्या क्रॉसवर येऊन थांबायचा. निकीता चौकीवरच राहायला गेला. तो दुकानात शिरला की दुकानदारीण सामान पुढे सरकवून पाठ फिरवायची, चर्चमध्ये तो उभा राहिला की त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं पुढे सरकायची. त्यानं आईसाठी गाडीभर सरपण पाठवलं. तुदोरानं ते गल्लीतच पडू दिलं, शेवटी झिनोव्हियानं उचललं. थंडीनं तुदोराची बोटं वाकडी झाली होती, पण त्या सरपणातली एक ढलपी तिनं चुलीत घातली नाही. एकदा तो स्वतः फाटकाशी आला. ती खिडकीत बसून सुईदोरा चालवत होती. तिनं मान वर केली नाही आणि तो बर्फात उभा राहून राहून निघून गेला.

हास्लिंगर मात्र नाताळात पाद्रीकडे गेला आणि त्या दिवशीचा पाव म्हणजे काय होतं, ते त्यानं विचारलं. पाद्रीनं चोवीस नाक्यांपासून सगळं सांगितलं. पाद्री सांगतो की साहेब बराच वेळ हातातली टोपी फिरवत बसला, चहा थंड झाला. मग त्यानं वर कुणाला पत्रं लिहिली, आणि वसंतात नियमाला पुरवणी आली, की मृताच्या नावानं दिलेलं अन्न ही लाच समजू नये. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

ईस्टर झाल्यावर जो दुसरा सोमवार येतो तो आमच्या पितरांचा. त्या दिवशी कबरींवर चादरी पसरून जेवायचं आणि जो समोर येईल त्याला मेलेल्यांच्या नावानं द्यायचं, ओळखीचा असो नसो. टेकडी बंद, म्हणून सगळं गाव हरालाम्पीपाशी जमलं. खंदकाच्या काठावर उभं राहून प्रत्येकानं पलीकडच्या आपापल्या माणसांना नावानं हाका मारल्या. मग लाल अंडी निघाली, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा निघाला, वाइनचे जग निघाले. तुदोरानं मोठी टोपली आणली होती, तिच्यात पुडकी. प्रत्येकात एक टॉवेल, एक कप, मेणबत्ती आणि वेणीचा पाव.

हास्लिंगरही आला, पायी, निळं जाकीट न घालता. लोक बाजूला सरकले, कुणीतरी थुंकलं. तुदोरानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि टोपलीतून पुडकं काढून त्याच्या हातात दिलं. या दिवशी वैऱ्यालाही वगळायचं नसतं. त्यानं दोन्ही हातांनी घेतलं आणि आमच्या भाषेत, अडखळत, म्हटलं की देव त्याला माफ करो. पाठ करून आला होता. मग तो खंदकाकडे वळला, तिथे ड्युटीवर निकीता होता, आणि त्यानं त्याला मानेनं खूण केली, की जा, आता चालतं.

निकीता आला. हिवाळ्यात वाळून गेला होता, गणवेश खांद्यांवरून लोंबत होता. आईसमोर उभा राहून त्यानं दोन्ही हात पुढे केले. गाव जेवायचं थांबलं.

"आई, बाबांसाठी दे," तो म्हणाला. "आता घेता येतं."

"ड्युटीवर आहेस ना?"

"आहे. पण आता नियम..."

"तुझा बाप मरेपर्यंत गावभर ओरडून सांगत होता," तुदोरा म्हणाली, "आमचा निकीता कुणाकडून काही घेत नाही. मेलेल्या माणसाला मी खोटं पाडू?"

निकीताचे हात तसेच राहिले थोडा वेळ. मग त्यानं ते खाली घेतले आणि तो खंदकापाशी आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. कुणी हसलं नाही, पोर्फिरीसुद्धा नाही. त्यानं आपला पेला खाली ठेवला आणि तो उगाच क्रॉसवरची माती झाडत बसला.

दुपार कलली तशा बायका चादरी घड्या घालू लागल्या. तुदोराच्या टोपलीत तळाशी एक पुडकं उरलं होतं. बाकीच्या पुडक्यांत बाजारातले टॉवेल होते. यातला तिनं हिवाळाभर वाकड्या बोटांनी भरला होता, काठाला लाल कोंबडे, कबरीत गेले होते तसेच. आणि कप नवा नव्हता. कानाचा टवका उडालेला पत्र्याचा कप होता, निकीता लहानपणी दूध प्यायचा तो. दानाचं पुडकं घरी परत नेत नाहीत. झिनोव्हियानं हात पुढे केला, तुदोरानं तो बाजूला सारला. ती पट्टा तुडवत खंदकाच्या काठाशी गेली, मुलाच्या अगदी समोर, आणि तिनं ते पुडकं खंदकात भिरकावलं. हळू नाही, जोरात. तळाशी कप दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि खांबावरच्या कॅमेऱ्यानं मान वळवली.

खंदकात काहीही पडलं तर ड्युटीवरच्या शिपायानं खाली उतरून उघडून बघायचं. हा नियम गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. तुदोराला ठाऊक नव्हता, असं कुणी मला सांगू नये.

ती पाठ फिरवून घराच्या वाटेला लागली. मागे बूट घसरत खाली गेल्याचा आवाज तिनं ऐकला. गाव चादरी हातात धरून उभं होतं. मग खंदकातून आवाज आला, जेमतेम काठापर्यंत पोचणारा.

"देव त्याला माफ करो."

तुदोरा थांबली. वळली मात्र नाही.

"मोठ्यानं म्हण," ती म्हणाली. "तुझ्या बापाला ऐकू येत नाही."